सांधा

आसोळण्याच्या मिनगेल तारवट्याची सून
पहिल्यांदा कुंकळ्ळीत आमच्या पायरीवर आली
तेव्हा बाबांच्या पायाखाली चरक फिरत होता,
पाळण्याच्या दांडीवर लाल लाख चढत होती
आणि माझ्या हातात केवड्याचं पान, झिलईसाठी.
मी मान वर केली नाही.
लाख एकदा गार झाली की कुणाचं ऐकत नाही.

बाबांनी मात्र पाय थांबवला.

साबणाच्या पावडरीच्या पिशवीतून तिने डाव काढला,
हातभर दांड्याचा,
वाटीच्या मानेशी उभा तडकलेला.
नाव ओगुलजान. गाव कुठल्याशा दूरच्या समुद्राकाठी,
जिथे मिनगेलचा पावलू तेलाच्या बोटीवरून उतरला होता.
एवढंच आम्हाला ठाऊक.
तिची कोकणी चार महिन्यांची.

लाकूड बाबा आधी हुंगतात, मग बघतात.
"आंबट आहे. दूध?"
"उंट," ती म्हणाली,
आणि हवेत हाताने एक उंचवटा काढला.
सोडा प्यायला आलेला सोनू भंडारी हसला.
"लाकूड कसलं?"
"तुत."
बाबांनी भेग उन्हाकडे धरली.
"तुती," म्हणाले,
जुनं गिऱ्हाईक ओळखू आल्यासारखे.
"आणि ह्याला काय म्हणता?"
"चेमचे."
आता मीही हसलो.
एवढ्या लांबून आलेला शब्द,
आणि आमच्या आईच्या फळीवर बारा आहेत.

"फेव्हिकॉल भर आणि चारशे घे," सोनू म्हणाला.
बाबा त्याच्याशी नाही, डावाशीच बोलले:
तुतीला फणस धरणार नाही, आंबाही नाही.
पावसात हे फुगेल, ते फुगणार नाही,
आणि सांधा करकरायला लागेल.
तुतीला तुतीच हवी, बाये.
तोवर दुसरा करून देतो.

पहिला फणसाचा केला. देखणा झाला.
तिने हवेत ढवळून पाहिला, मनगट अडलं.
काही बोलली नाही, पैसे मोजायला लागली.
बाबांनी पैसे घेतले नाहीत.
"तुमच्याकडचं भांडं केवढं खोल?"
तिने बाही सारली,
आमच्या भुशाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला,
आणि तळापासून सावकाश वर, वळवत, घासत आणला.
भुसा सगळा तिच्या केसांत.
बाबा डावाचं माप घेणार होते.
त्यांनी त्या हाताच्या वाटेचं घेतलं.

दुसऱ्याची मान वाकवली. चरकावर नाही,
वाकस घेऊन, दोन संध्याकाळी बसून.
लाख काढायला मी गेलो तर म्हणाले, ठेव.
तोंडाशी जाणाऱ्या लाकडाला रंग कशाला.

नाताळात ती दोदोल घेऊन आली.
केळीच्या पानावर काळा, थरथरता, खोबरेल सुटलेला.
माडाचा गूळ तीन तास ढवळला म्हणाली, त्याच डावाने.
सासूबाई क्लारिन्यानी एवढ्या दिवसांत
स्वयंपाकघरात तिच्या कशालाच बरं म्हटलं नव्हतं.
परवा म्हणाल्या: हा तळाला पोचतो.
ओगुलजानने ते तसंच्या तसं कोकणीत सांगितलं,
चूक न करता. बहुतेक वाटेत घोकलं असावं.

जुना डाव आमच्याकडेच आहे,
कॅलेंडरच्या खिळ्याला, भेगेसकट.
जुन्या शाळेच्या कुंपणाशी तुतीची चार झाडं आहेत,
कधीतरी कुणीतरी रेशमाचे किडे पाळणार होतं त्याची.
किडे आले नाहीत. झाडं राहिली,
शेरडं खाऊन खाऊन खुरटलेली.
एका फांदीला बाबांनी काटे बांधलेत.
पाऊस सरला की जातात,
बोटांच्या कड्यात धरून बघतात.
गेल्या वर्षी करंगळी होती.
यंदा अंगठा.
मनगटाएवढी लागेल, म्हणतात.

बाबांना एकाहत्तरावं चालू आहे.
तो हिशेब मी करत नाही.
काल डाव खिळ्यावरून काढून त्यांनी हुंगला.
दुधाचा गेला, म्हणाले.
आता नुसता लाकडाचा येतो.